शब्दांची टाकसाळ

नालासोपारा स्थानकावर पूर्वेकडून, म्हणजे तुळिंजच्या बाजूने, जिना चढून येणारा प्रवासी नेहमीच घाईत असतो. ध्वनिक्षेपकावरून दिलेली सूचना तो ऐकतो. परंतु तिच्यातील शब्दांकडे त्याचे लक्ष नसते. 'फलाट क्रमांक' हे त्या सूचनेतील दोन लहानसे शब्द. एकमेकांना खेटून बसलेले हे दोन शब्द वस्तुतः अगदी निराळ्या घराण्यांतले आहेत. इंग्रजी 'प्लॅटफॉर्म' हा शब्द हमालांच्या आणि उतारूंच्या तोंडी घासत घासत 'फलाट' झाला. नदीच्या पात्रात धोंड्याचा गोटा व्हावा, तसा तो आपोआप गुळगुळीत झाला. त्याला कोणी बसून घडविले नाही. 'क्रमांक' मात्र बुद्धिपुरस्सर घडविलेला शब्द आहे. 'क्रम' आणि 'अंक' हे दोन संस्कृत शब्द सांधून तो तयार झाला, आणि स्वातंत्र्यवीर सावरकरांनी मराठीत रूढ केलेल्या शब्दांत त्याची गणना करतात. एक शब्द लोकांच्या जिभेवर घडला, दुसरा विद्वानाच्या मेजावर. आज ते इतके एकजीव झाले आहेत की, त्यांतला हमाल कोणता आणि पंडित कोणता, हे सांगितल्यावाचून कळू नये.

मुलांनो, भाषेत नवा शब्द येतो तो बहुधा या दोन वाटांनी. परंतु आणखी एक तिसरी वाट आहे. ती म्हणजे थट्टेची वाट. तिच्याविषयी पाठ्यपुस्तकात सहसा कोणी लिहीत नाही, म्हणून येथे थोडे विस्ताराने सांगतो.

गळ्यात बांधावयाच्या 'टाय'ला शुद्ध मराठीत काय म्हणतात, असे तुम्हांला कोणी विचारले आहे काय? विचारणारा आधीच गालांत हसत असतो, आणि उत्तरही तोच देतो : 'कंठलंगोट'! ऐकणारे सारे खो खो हसतात. मग दुसरा एखादा पुढे सरसावून विचारतो, 'बरे, रेल्वेच्या सिग्नलला काय म्हणतात ते सांगा पाहू.' त्याचे उत्तर एका दमात सांगणे सोपे नव्हे : 'अग्निरथगमनागमनसूचकताम्रलोहपट्टिका.' सांगणाऱ्यागणिक या शब्दाचे रूप थोडे बदलते. कोणी त्यात एखादा शब्द वाढवितो, कोणी गाळतो. आपण घेतलेल्या रूपात अक्षरे मोजली तर वीस भरतात. 'सिग्नल' या शब्दात अवघी तीन. वीस अक्षरांचा तो शब्द उच्चारून संपेपर्यंत विरार लोकल वसईला पोहोचावयाची, असे म्हणून पुन्हा एक हशा पिकतो.

हसून झाले की या शब्दाची फोड करून पाहावी. मी वर्गात समास शिकवीत असताना हाच शब्द फळ्यावर लिहीत असे. कारण मुले तो विसरत नाहीत. अग्निरथ म्हणजे आगगाडी. गमनागमन म्हणजे जाणे आणि येणे. सूचक म्हणजे सुचविणारी. ताम्र म्हणजे तांबूस, आणि लोहपट्टिका म्हणजे लोखंडाची पट्टी. आगगाडीचे येणेजाणे सुचविणारी तांबडी लोखंडी पट्टी! व्याकरणाच्या दृष्टीने यात काना-मात्रेचा दोष नाही. प्रत्येक पद योग्य जागी आहे, अर्थ स्पष्ट आहे. परीक्षेत अशा समासाला पूर्ण गुण द्यावे लागतील. मग तो शब्द रुळावर का चढला नाही? केवळ लांब आहे म्हणून?

लांबी हे एक कारण खरेच. दुसरे कारण मात्र अधिक विचार करण्यासारखे आहे. हा शब्द ज्या काळी रचला गेला, त्या काळी सिग्नल म्हणजे खांबावर बसविलेला तांबडा हात असे. तो खाली झुकला की गाडीने पुढे यावे आणि आडवा राहिला की थांबावे, अशी योजना होती. पुढे लोहमार्गावर रंगीत दिव्यांचे सिग्नल आले. पट्टी गेली, लोखंडी हात गेला. 'सिग्नल' हा शब्द मात्र जागच्या जागी राहिला. कारण त्याने वस्तूच्या रंगाविषयी किंवा घडणीविषयी काहीच वचन दिलेले नव्हते. वीस अक्षरांच्या त्या शब्दाने सारे वर्णन आपल्या अंगावर कोरून घेतले होते. वस्तू बदलताच तो खोटा ठरला असता. 'बोलपट' या शब्दाचीही काहीशी अशीच गत झाली. १९३१ मध्ये 'आलम आरा' हा बोलणारा चित्रपट मुंबईत लागला, १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' आला, तेव्हा पडद्यावरची माणसे बोलतात हेच मोठे नवल होते, आणि 'बोलपट' हा शब्द अत्यंत समर्पक होता. पुढे सगळेच चित्रपट बोलू लागले. मग 'बोल' सांगण्याचे प्रयोजन उरले नाही, आणि 'चित्रपट' तेवढा राहिला.

तथापि हा नियम म्हणून पाठ करू नका, कारण आपल्याच लोहमार्गावर त्याला अपवाद धावतो आहे. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली गाडी सुरू झाली, १८६७ मध्ये विरारहून मुंबईला जाणारी गाडी सुरू झाली, तेव्हा त्या गाड्यांच्या पोटात खरोखरच आग होती. म्हणून लोकांनी त्यांना 'आगगाडी' म्हटले. १९३६ मध्ये विरारपर्यंत विजेवर चालणाऱ्या गाड्या आल्या. आग विझली, आगगाडी मात्र मराठीत धावतच राहिली. शब्द एकदा अंगवळणी पडला की त्याच्या पोटात काय आहे, हे कोणी उघडून पाहत नाही.

असो. कंठलंगोटाकडे पुन्हा वळू. या शब्दात गंमत आहे. परंतु त्या गमतीत एक खोचही आहे. हा शब्द सांगणारा मनुष्य बहुधा असे भासवितो की, कोणा शुद्धिवादी पंडिताने किंवा सरकारी समितीने तो गंभीरपणे सुचविला आहे, आणि म्हणून मराठीत नवे शब्द बनविण्याचा उद्योगच हास्यास्पद आहे. वास्तविक असल्या शब्दांचे मूळ विनोदात आहे. थट्टेसाठी रचलेला शब्द खऱ्या कोशातला म्हणून खपविला जातो, आणि ऐकणारे शहानिशा न करता तो पुढच्याला सांगतात. थट्टेबद्दल माझी तक्रार नाही. थट्टेवर 'ही थट्टा आहे' अशी खूण नसते, ही तक्रार आहे.

ही खूण कशी करावी, याचा एक सुंदर नमुना आपल्यापासून फार दूर, स्पेन देशात सापडतो. तेथे १७१३ मध्ये राजधानी माद्रिद येथे स्पॅनिश भाषेची अकादमी स्थापन झाली. तिने १७२६ ते १७३९ या काळात सहा खंडांचा एक मोठा शब्दकोश प्रसिद्ध केला. (१७३९ हे साल वसईकरांच्या ओळखीचे असावे. माद्रिदला कोशाचा शेवटचा खंड निघाला, त्याच वर्षी चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला पोर्तुगिजांकडून जिंकून घेतला.) या कोशाची पद्धत अशी होती की, शब्द दिला म्हणजे तो कोणत्या चांगल्या लेखकाने वापरला आहे, त्याचा दाखला द्यावयाचा. आता पंचाईत अशी की, स्पेनचे काही उत्तम लेखक मोठे विनोदी होते. त्यांत फ्रान्सिस्को दे केवेदो हा तर थट्टेचे शब्द पाडण्यात पटाईत. त्याचा जन्म १५८० चा. त्याच वर्षी पोर्तुगालचे राज्य स्पेनच्या राजाकडे गेले, आणि १६४० पर्यंत आपली वसईदेखील दूरच्या त्या स्पॅनिश राजाच्या सत्तेखाली होती.

केवेदोची एक कादंबरी १६२६ मध्ये छापली गेली. तिच्यात विद्यार्थ्यांना जेवूखाऊ घालण्याचा व्यवसाय करणारा, पण त्यांना जवळजवळ उपाशीच ठेवणारा एक कंजूष गृहस्थ आहे. त्याचे वर्णन करण्यासाठी केवेदोने 'आर्चिपोब्रे' असा शब्द बनविला. 'पोब्रे' म्हणजे गरीब. आणि 'आर्चि' हा 'आर्चबिशप' या शब्दात आपण ऐकतो तोच मानाचा उपसर्ग. मराठीत सांगावयाचे तर 'दरिद्रीसम्राट' किंवा 'कंगालाधिराज' असे काही म्हणता येईल. धर्मगुरूंच्या पदवीतील भारदस्त उपसर्ग उपासमारीला जोडला, यात सारा विनोद आहे.

अकादमीतील गंभीर विद्वानांनी असल्या विनोदी शब्दांचे काय केले? त्यांनी ते फेकून दिले नाहीत. केवेदोसारख्या लेखकांचे असे अनेक शब्द त्यांनी कोशात घेतले. आणि त्यांच्यापुढे टीप दिली की, हा शब्द चेष्टेने रचलेला आहे. कोश वाचणारा हसतो, पण फसत नाही. मला ही गोष्ट फार आवडते. राजाश्रयाने चालणाऱ्या त्या संस्थेने थट्टेलाही भाषेच्या वहीत जागा दिली, आणि वहीत नोंद करताना तिची जातही खरी लिहिली.

याच्या उलट प्रकारही घडतो. अमेरिकेतील वेब्स्टरच्या १९३४ च्या मोठ्या इंग्रजी कोशात 'डॉर्ड' असा एक शब्द छापला गेला आणि त्याचा अर्थ 'घनता' असा दिला गेला. प्रत्यक्षात असा शब्द इंग्रजीत नव्हताच. घनतेसाठी शास्त्रज्ञ इंग्रजी 'डी' हे अक्षर वापरतात. ते मोठे लिहावे किंवा लहान, अशा अर्थाची 'डी ऑर डी' ही टीप एका चिठ्ठीवर लिहिलेली होती. ती अक्षरे जवळ जवळ आली आणि त्यांचा एक शब्द झाला! १९३९ मध्ये एका संपादकाच्या लक्षात येईपर्यंत तो कोशात सन्मानाने बसून होता. छापलेले सारे खरेच असते असे मानणाऱ्यांना ही कथा अवश्य सांगावी.

आपल्या मराठीतही चेष्टेने घडलेले शब्द कमी नाहीत. फक्त त्यांचे कर्ते कोण, हे कोणाला ठाऊक नाही. फार बडबड करणाऱ्याला 'बोलघेवडा' म्हणतात. कसलीच काळजी नसलेल्या, इकडून तिकडे टप्पे खात फिरणाऱ्या माणसाला 'खुशालचेंडू' म्हणतात. ऐटीत मिरविणारा तो 'टिकोजीराव'. घेवड्याचा बोलण्याशी आणि चेंडूचा खुशालीशी काय संबंध, असे विचारू नये. तो संबंध कानाला पटला, एवढे पुरे. जेम्स मोल्सवर्थ या इंग्रज अधिकाऱ्याने कँडी बंधू आणि एतद्देशीय पंडित यांच्या साहाय्याने मराठी-इंग्रजी कोश सिद्ध केला. त्याची पहिली आवृत्ती १८३१ मध्ये निघाली, आणि १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे साठ हजार शब्द होते. पंडितांच्या पोथीतील शब्दांबरोबर शेतकऱ्यांचे, बाजाराचे आणि टिंगलीचे शब्दही त्याने गोळा केले. पुढे यशवंत रामकृष्ण दाते, चिंतामण गणेश कर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३२ ते १९३८ या काळात 'महाराष्ट्र शब्दकोश' सात खंडांत प्रसिद्ध केला. हे कोश ज्या ग्रंथालयात असतील तेथे जाऊन कधी तरी नुसतेच चाळून पाहावेत. एखादा शब्द शोधावयास बसले की शेजारचे दहा शब्द हात धरून थांबवितात.

आता मेजावर बसून शब्द घडविणाऱ्यांकडे वळू; कारण थट्टेचे बाण मुख्यतः त्यांच्यावरच सुटले.

या उद्योगाचा मराठी मुलुखातील सर्वांत प्रसिद्ध आरंभ छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने झाला. तीनशे वर्षांच्या परकीय अमलामुळे राज्यकारभारात फारसी व अरबी शब्द ठासून भरले होते. महाराजांनी रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली 'राज्यव्यवहारकोश' तयार करविला. त्यात सुमारे चौदाशे शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिलेले आहेत. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी अष्टप्रधानांची नावेही याच धोरणाने पालटली. मुजुमदाराचा 'अमात्य' झाला, सुरनिसाचा 'सचिव', डबिराचा 'सुमंत' आणि सरनौबताचा 'सेनापती'. पेशवा 'मुख्य प्रधान' झाला.

या शब्दांचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. 'सेनापती' चिरंजीव झाला. 'सचिव' काही काळ मागे पडला. पण आज मंत्रालयातील दालनांवर तोच शब्द आहे. 'पेशवा' मात्र राजाज्ञेनेही हटला नाही. वसई जिंकणाऱ्या चिमाजी आप्पांच्या वडील भावाला, बाजीरावांना, लोक पेशवे म्हणूनच ओळखीत आणि इतिहासही तसाच ओळखतो. कागद, शाई, किल्ला, सरकार हे शब्द तर कोणाच्याही हुकुमाने गेले नाहीत, आणि आज ते परके आहेत असे कोणाच्या स्वप्नातही येत नाही. आपल्या वसईच्या परिसरात पोर्तुगीज दोनशे वर्षे राहिले. त्यांचा ध्वज गेला. पण चावी, बादली, घमेले, पाव, बटाटा, काजू, मेस्त्री, लिलाव हे त्यांचे शब्द मागे राहिले. महिन्याच्या अखेरीस मिळणारा 'पगार'देखील पोर्तुगीजच. तो परका म्हणून नाकारणारा शुद्धिवादी मात्र अद्याप भेटलेला नाही.

विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ जोराने चालविली. १९२४ पासून १९३७ पर्यंत ते रत्नागिरीस स्थानबद्ध होते, त्या काळात त्यांनी या विषयावर पुष्कळ लिहिले. दिनांक, क्रमांक, महापौर, हुतात्मा, नभोवाणी, दिग्दर्शक, मुख्याध्यापक असे अनेक शब्द त्यांच्या नावाशी जोडलेले आहेत. या चळवळीला विरोध करणारे थोडेथोडके नव्हते, आणि ते सारे काही भाषेचे शत्रू नव्हते. कवी माधव जूलियन यांचेच पाहा. फारसीचे ते प्राध्यापक. १९२५ मध्ये त्यांनी 'फार्शी-मराठी कोश' प्रसिद्ध केला, आणि आरंभीच्या त्यांच्या कवितेत फारसी शब्दांची रेलचेल असे. पुढे त्यांचे मत पालटले, आणि १९३८ मध्ये त्यांनी 'भाषाशुद्धिविवेक' हा ग्रंथ लिहून शुद्धीचा पुरस्कार केला. एका माणसाच्या आयुष्यात ज्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मावल्या, तो प्रश्न वरवरच्या हशाने निकालात काढता येणार नाही.

वरील यादीतील शब्द आज उच्चारताना आपल्याला हसू येते काय? 'पुर' म्हणजे नगर, 'पौर' म्हणजे नगरवासी, त्यांतला प्रमुख तो 'महापौर'. १९६० मध्ये संयुक्त महाराष्ट्र झाला, आणि त्या लढ्यात प्राण दिलेल्यांच्या स्मरणार्थ मुंबईत जो चौक आहे, त्याला 'हुतात्मा चौक' म्हणतात. तेथे दुसरा कोणताच शब्द बसला नसता. 'दिनांक' आला तरी 'तारीख' गेली नाही. अर्जावर दिनांक आणि बोलण्यात तारीख अशी दोघांनी कामे वाटून घेतली. 'नभोवाणी'ला मात्र 'आकाशवाणी' ही प्रतिस्पर्धी भेटली, आणि तिने बाजी मारली. 'मुख्याध्यापक' या शब्दाविषयी मी काय लिहावे? अनेक वर्षे तो माझ्या दारावर लावलेला होता, आणि मुले मला 'हेडसर' म्हणत.

नागपुरात याहून धाडसी प्रयोग झाला. डॉक्टर रघुवीर या संस्कृत पंडितांनी तेथे राहून संस्कृत धातू, उपसर्ग आणि प्रत्यय यांच्या साहाय्याने शास्त्रीय शब्दांची प्रचंड रचना केली. ऑक्सिजनला 'जारक', नायट्रोजनला 'भूयाति' आणि कार्बनला 'प्रांगार' अशी नावे त्यांनी योजिली. त्यांच्या पद्धतीत शिस्त होती, पांडित्य तर अगाध होते; पण या तिन्ही शब्दांना वर्गात थारा मिळाला नाही. मराठीतील विज्ञानाच्या पुस्तकांत 'कर्ब', 'कर्बोदके', 'प्रथिने', 'जीवनसत्त्व' हे शब्द मात्र रुळले. 'कर्ब' हा कानाला 'कार्बन'च्या जवळ आहे, आणि 'प्रथिन' हा 'प्रोटीन'च्या. ओळखीचा चेहरा घेऊन आलेल्या पाहुण्याला दार लवकर उघडले जाते. 'जीवनसत्त्व' मात्र तसा चेहरा नसतानाही आत आले, कारण त्याचा अर्थ पहिल्या भेटीतच कळतो. 'प्रांगार' बिचारा दोन्हीकडून अपरिचित राहिला.

मग आले सरकार. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर लगेच, १९६० मध्ये, भाषा संचालनालय सुरू झाले, आणि १९६२ मध्ये 'पदनाम कोश' प्रसिद्ध झाला. सरकारी अधिकाऱ्यांच्या इंग्रजी पदांना मराठी नावे देणारा हा कोश. त्याची त्या काळी एवढी टिंगल झाली की, विनोदाने लोक त्याला 'बदनाम कोश' म्हणू लागले. संचालक, अधीक्षक, अभियंता, लिपिक असल्या शब्दांना कोण विचारणार, असा एकूण सूर होता. आज अभियंता होण्यासाठी मुले रात्रीचा दिवस करतात, आणि लिपिकाच्या जागेसाठी हजारो अर्ज येतात. वृत्तपत्रे वाचणारा कोणीही या शब्दांना अडखळत नाही. हसणाऱ्यांची पिढी गेली, शब्द राहिले.

म्हणून हसणारे चुकले, असा निकाल मात्र घाईने देऊ नये. त्यांच्या हसण्यामागे एक रास्त भीती होती, ती समजून घेतली पाहिजे. राज्याचा कारभार मराठीत आणावयाचा तो कशासाठी? कोर्टाचा कागद, जमिनीचा उतारा, दवाखान्यातली सूचना सामान्य माणसाला कळावी म्हणून. इंग्रजी कागद न कळणाऱ्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या हाती जर न कळणाऱ्या संस्कृतप्रचुर मराठीतला कागद दिला, तर त्याला काय लाभ झाला? पूर्वी तो इंग्रजी जाणणाऱ्याकडे जात असे. आता 'मराठीचे मराठी' करून देणाऱ्याकडे जाईल. एका नोटिशीचा अर्थ वेळेवर न लागल्यामुळे अपिलाची मुदत निघून जाऊ शकते, घर जाऊ शकते. अशा ठिकाणी अवघड शब्द ही विनोदाची बाब राहत नाही.

या प्रश्नाचा एक फार जुना दाखला तुळिंजपासून जवळच, सोपाऱ्याच्या भूमीत सापडला आहे. प्राचीन काळी शूर्पारक या नावाने हे बंदर प्रसिद्ध होते. तेच नाव लोकांच्या तोंडी झिजून 'सोपारा' झाले. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील स्तूपाचे उत्खनन केले. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडाही त्यांना येथे मिळाला. १९५६ मध्ये जवळच्या भुईगावला नवव्या लेखाचा भाग सापडला. सव्वादोन हजार वर्षांहून जुन्या या राजाज्ञा आहेत. आणि त्या संस्कृतात नव्हे, तर लोकांच्या बोलीला जवळच्या प्राकृतात कोरलेल्या आहेत. एवढ्या मोठ्या सम्राटाला पंडितांची वाण नव्हती. तरीही बंदरावरच्या माणसाला समजेल अशी भाषा त्याच्या लेखनिकांनी दगडावर उतरविली.

या दोन टोकांच्या मध्ये मराठीला चालावयाचे आहे. नवे शब्द घडवावयाचेच नाहीत, असे ठरविले तर नव्या ज्ञानापुढे भाषा मुकी होईल. वाटेल तसे घडविले तर तिचे बोलणे तिच्याच लेकरांना कळणार नाही. 'संगणक' हा शब्द कॉम्प्युटरसाठी आला तेव्हा तोही नवखाच होता. 'गण्' म्हणजे मोजणे या धातूपासून तो बनला. लोक बोलताना अजूनही कॉम्प्युटर म्हणतात. परंतु पुस्तकात, परीक्षेत आणि वृत्तपत्रात संगणकाने आपले आसन पक्के केले आहे. 'टाय'ला मात्र मराठी नाव मिळाले नाही, आणि 'कंठलंगोटा'ने ती वाट जवळजवळ बंदच केली आहे. आता कोणी चांगला शब्द सुचविला तरी लोकांना आधी तो लंगोट आठवेल. थट्टेने पडलेला शब्द असा कधी कधी खऱ्या शब्दाची जागा अडवून बसतो.

काही शब्दांचा निकाल अजून लागावयाचा आहे. सरकारी इमारतींत वर-खाली जाणाऱ्या पेटीवर 'उद्वाहन' असे लिहिलेले आढळते. 'उद्' म्हणजे वर आणि 'वह्' म्हणजे वाहून नेणे. म्हणजे फोड बरोबर आहे. अडचण एवढीच की, 'उद्वाह' या संस्कृत शब्दाचा अर्थ विवाह असा होतो. एखादे जुन्या वळणाचे शास्त्रीबुवा त्या पाटीसमोर उभे राहिले, तर दार उघडताच आत वधूवर असतील, अशी त्यांची समजूत व्हावयाची. शिवाय घाईने पाचव्या मजल्यावर निघालेला माणूस 'लिफ्ट कुठे आहे?' असेच विचारतो. तुळिंजमध्ये आता कितीतरी उंच इमारती झाल्या आहेत. त्यांतल्या पेट्यांवर काय लिहिले आहे, आणि त्यांतून वर जाणारी माणसे त्यांना काय म्हणतात, ते या आठवड्यात पाहून या आणि वहीत दोन रकाने करून लिहा.

अभ्यास

१. 'फलाट' आणि 'क्रमांक' हे शब्द मराठीत निरनिराळ्या वाटांनी कसे आले, ते तुमच्या शब्दांत सांगा.

२. 'अग्निरथगमनागमनसूचकताम्रलोहपट्टिका' या शब्दातील पदे सुटी करून प्रत्येकाचा अर्थ लिहा. 'आगगाडी' टिकली आणि 'बोलपट' मागे पडला. याची तुम्हांला पटणारी कारणे द्या.

३. स्पॅनिश अकादमीने विनोदी शब्द कोशात घेताना कोणती काळजी घेतली? तीच काळजी 'कंठलंगोट' या शब्दाबाबत घ्यावयाची झाल्यास कोशात कोणती टीप लिहाल? ती टीप लिहून दाखवा.

४. घरातील वडील माणसांना विचारून बोलघेवडा, खुशालचेंडू यांसारखे पाच चेष्टेचे शब्द मिळवा. ते कोणाला उद्देशून वापरतात, हेही लिहा.

५. एखादी सरकारी सूचना मिळवून तिच्यातील कठीण शब्द निवडा आणि तीच सूचना आजीला समजेल अशा मराठीत लिहून काढा. अर्थ मात्र कोठेही बदलता कामा नये.